पाटील की माने? आमच्या आडनावाचा शोध

आमच्या घरात आजोबांपासून सगळे 'पाटील' हेच आडनाव लावतात. परंतु शेजारच्या गावातील माने मंडळींशी आपली सोयरीक होत नाही, ते आपले भाऊबंद आहेत, असे आजी नेहमी सांगत असे. आडनावे वेगळी असताना भाऊबंदकी कशी, हा प्रश्न लहानपणापासून मनात होता आणि गेल्या वर्षी मी त्याचा माग काढायचे ठरवले.

आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 'पाटील' एवढीच नोंद मिळाली. मग जमिनीच्या जुन्या फेरफारांच्या नकलांसाठी अर्ज केला. आमचे कृष्णाकाठचे गाव आज सांगली जिल्ह्यात असले, तरी १९४९ पर्यंत ते सातारा जिल्ह्यात होते. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून जुना कागद शोधणाऱ्याने 'जिल्हा सातारा' या मथळ्याने बिचकू नये.

सर्वांत जुना कागद मोडी लिपीतला निघाला. मोडीत शब्द एकमेकांना जोडून लिहिलेले असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद फारसा पाळलेला नसतो, त्यामुळे दोन दिवस डोळे ताणूनही मला एक ओळ लागली नाही. अखेर मोडी जाणणाऱ्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी कागद खिडकीपाशी नेला आणि ओळीखालून बोट फिरवत सावकाश वाचले. पणजोबांचे नाव, मग 'बिन', म्हणजे अमक्याचा मुलगा, मग त्यांच्या वडिलांचे नाव, आणि पुढे 'माने मोकदम'. मोकदम म्हणजे गावचा पाटील. माने हे कुळाचे आडनाव आणि पाटील हा हुद्दा, हे त्या दोन शब्दांनी उलगडले. महाराष्ट्रात वंशपरंपरागत पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून संपली, हुद्दा गेला. पण तोवर तो आमच्या दाखल्यांत आडनाव होऊन बसला होता.

मग एकच शंका उरली: शेजारच्या गावचे भाऊबंद माने कसे राहिले? ती नक्कल घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. ओसरीवर बसलेल्या आजींनी गाव आणि नाव विचारले आणि आत हाक दिली, "अगं, पाणी आण, थोरल्या घरचे आलेत." पाटीलकी थोरल्या घराकडे राहिली होती आणि धाकटे घर माने म्हणूनच त्या गावी गेले होते.