देहू, भंडारा, भामचंद्र: ‘गाडी वरपर्यंत जाते’ यावर विसंबू नका

देहूच्या आसपास तुकोबांचे म्हणून दोन डोंगर मुख्यतः सांगितले जातात, भंडारा आणि भामचंद्र. घोराडेश्वर तिसरा, पण तो जुन्या पुणे-मुंबई रस्त्यालगत आहे आणि तिथे सहसा कुणी चुकत नाही. गोंधळ होतो तो पहिल्या दोघांत. ‘गाडी पार वरपर्यंत जाते’ हे भंडाऱ्याबाबत खरं आहे. भामचंद्रबाबत साफ खोटं. आम्हाला मात्र देहूत रिक्षावाल्यानेही तेच सांगितलं आणि चहावाल्यानेही, तेसुद्धा छातीठोकपणे. त्या भरवशावर आमच्यासोबत गुडघे दुखणारे एक काका आले आणि बिचारे पायथ्याशी झाडाखाली बसून राहिले. म्हणून हे लिहितोय.

आम्ही तुकाराम बीज गाठून गेलो होतो. बीजेला वारकरी येतो तो तुकोबांसाठी, पण आमच्यासारखे बरेच जण येतात ते नांदुरकीच्या झाडासाठी. १६५० सालच्या फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा याच जागेवरून सदेह वैकुंठाला गेले, आणि दरवर्षी त्याच तिथीला दुपारी १२ वाजून २ मिनिटांनी हे झाड आपोआप थरथरतं, अशी श्रद्धा आहे. आळंदीला ज्ञानोबांची समाधी आहे. देहूला तुकोबांची समाधीच नाही. त्यांचा घात झाला असावा असं मानणारेही आहेत आणि तो वाद जुना आहे. समाधी नाही म्हणून माणसं झाडाकडे, शिळेकडे, गुहांकडे ओढली जातात, असं मला तिथे फिरताना सारखं वाटत राहिलं.

झाड हललं का? मला दिसलं नाही. मी होतो तिथून फक्त शेंडा दिसत होता. ऐन क्षणी हजारो हात वर गेले, ‘पुंडलिक वरदे’चा गजर झाला आणि फुलं नि तुळशीची पानं अशी उधळली गेली की समोरचं काहीच दिसेना. शेजारच्या आजी रडत रडत म्हणाल्या, “हललं बघ बाळा, हललं.” त्यांना दिसलं असेल तर त्यावर वाद घालणारा मी कोण? पण पान हलताना मोबाईलमध्ये टिपायच्या इराद्याने जाणार असाल तर सरळ सांगतो, जाऊ नका. झाडाजवळ जागा हवी असेल तर पहाटेच पोचून मांडी ठोकावी लागते, आणि मार्चच्या उन्हात तिथून पुन्हा बाहेर पडता येत नाही. टोपी आणि पाणी जवळ हवंच. जेवणाची काळजी नको. त्या दिवशी ठिकठिकाणी अन्नदान चालू असतं आणि वाढणारे “माउली, अजून घ्या” म्हणत आग्रह करतात. झाडच बघायचं असेल तर एखाद्या साध्या मंगळवारी या. पारावर निवांत बसता येतं.

देऊळवाड्यातली शिळा चुकवू नका. रामेश्वरभटांच्या सांगण्यावरून अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा तुकोबा ज्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून धरणं धरून बसले ती हीच, असं मानतात. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंच्या अभंगांतही या तेरा दिवसांचा उल्लेख आहे, म्हणजे ही कथा काही कालपरवाची नाही. शिळेसाठी नवं मंदिर बांधलंय, त्याचं लोकार्पण जून २०२२ मध्ये झालं. रांग लवकर सरकते.

नदीबद्दल मात्र जीव तुटतो. ज्या पाण्याने वह्या जपल्या म्हणून आपण हात जोडतो, त्या पाण्यात आज कारखान्यांचं आणि गावांचं सांडपाणी येतं. घाटावर एक आई लेकराला चूळ भरायला लावत होती. मला राहवलं नाही, मी थांबवलं. तुम्हीही तीर्थ म्हणून ते पाणी तोंडात घेऊ नका. नुसता नमस्कार करा.

गाथामंदिर बघा, भिंतींवर कोरलेले अभंग वाचता येतात. भंडारा सोपा आहे, गाडीने जा. वर भव्य दगडी मंदिराचं काम चाललंय. तुकोबांची पत्नी जिजाई भाकरी घेऊन हा डोंगर चढत असताना पायात काटा रुतला आणि विठ्ठलाने स्वतः येऊन तो काढला, ही आख्यायिका याच डोंगराची. एवढं पुरे, भंडाऱ्यावर सल्ल्याची गरज नाही.

आता भामचंद्र. चाकणच्या बाजूने वासुली फाट्याकडे या आणि शिंदे-वासुलीची वाट विचारा. ‘तुकोबांचा डोंगर’ म्हणून विचारलंत तर लोक परत भंडाऱ्याकडे धाडतील. ‘भामचंद्र’ हाच शब्द वापरा. चहूकडे कारखाने, कंटेनर आणि धूळ. २००८ साली याच पायथ्याशी एका बड्या रसायन कंपनीचं संशोधन केंद्र होणार होतं. वारकऱ्यांनी आंदोलन केलं आणि ते हटवलं. त्या लोकांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

देहूपासून पायथ्यापर्यंतच्या रिक्षाला आमच्याकडे बाराशे रुपये मागितले. कारण काय, तर “बीज आहे, आणि वरपर्यंत सोडतो.” घासाघीस करून नऊशेवर आला आणि डांबरी रस्ता संपला तिथे उतरवून मोकळा झाला. वर परतीचे वेगळे मागितले. बीजेच्या दिवशी भाविकांना असं लुटणं मला अजिबात पटलं नाही आणि मी ते तोंडावर सांगितलं. तुम्ही स्वतःची गाडी आणा. नसेल तर चाकणहून रिक्षा करा, जाऊन-येऊन एकच दर ठरवा आणि पैसे परत आल्यावर द्या.

सुरुवातीची चढण दमवते एवढंच. सह्याद्रीत फिरणाऱ्याला तिचं काही वाटणार नाही. खरी परीक्षा पुढच्या आडव्या वाटेची आहे. डाव्या हाताला कातळ, उजवीकडे उतार थेट खाली, आणि पायाखाली सुटा मुरूम. पाऊल टाकलं की खडे घरंगळत जातात आणि बराच वेळ त्यांचा आवाज येत राहतो. एका ठिकाणी वाट जेमतेम एका पावलाची आहे आणि धरायला कातळातली एक खाच सोडली तर काही नाही. आमच्यातली एक मुलगी, चांगली गडकिल्ले फिरलेली, तिथे थिजली. वरून एक तरुण साधक आला. गुहांमध्ये राहून अभंग आणि पखवाज शिकणारी ही मुलं आहेत. तो म्हणाला, “ताई, बूट काढा. पायाला दगड कळू द्या.” तिने काढले आणि ती गेली. मीही अनवाणी गेलो. तळवे भाजले, पण पकड खरंच चांगली मिळाली. गुळगुळीत तळव्यांचे स्पोर्ट्स शूज घालून जाऊच नका. पावसाळ्यात ही वाट नकोच, लहान मुलांना घेऊन तर कधीच नको. कातळावर मधमाश्यांची पोळी दिसली तर अत्तर, धूर, आरडाओरडा सगळं टाळा.

आणि तरीही सांगतो, तिघांतून एकच जागा निवडायची तर हीच निवडा. इथे पंधरा दिवसांत साक्षात्कार झाला असं तुकोबा स्वतःच्या अभंगात म्हणतात, आणि साप, विंचू, वाघ अंगाला झोंबल्याचंही त्याच अभंगात आहे. त्या अरुंद गुहेच्या अंधारात वाकून बसल्यावर ते शब्द कुणाच्या तरी अंगावर गुदरलेले आहेत हे पटतं. भाऊ कान्होबा शोधत शोधत इथेच आला, आणि इथून उतरल्यावर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा सांगते. वह्यांच्या आधीची ही बुडवणूक देहूत फारसं कुणी सांगत नाही. आम्हाला ती त्या साधकाने सांगितली, तीही मी विचारलं म्हणून. तुम्हीही विचारा, ही मुलं मनापासून बोलतात. त्यांच्यासाठी तांदूळ-डाळ काहीतरी घेऊन जा, पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या वर टाकून येऊ नका, आणि रियाज चालू असेल तर फोटो नकोत.

आम्ही उतरेपर्यंत अंधारलं, आणि ती मुरमाची वाट बॅटरीच्या उजेडात परत पार करताना सगळे गप्प होते. बीज आणि भामचंद्र एका दिवसात करू नका. भामचंद्रला सकाळी सातला पायथ्याशी असा, ऊन चढायच्या आत खाली या.