भूत जोलोकिया : कुंडीतला सातवा महिना

भूत जोलोकिया ही आसाम-नागालँडकडची जहाल मिरची. काल तिची पहिली पिकलेली मिरची तोडली. बी टाकलं होतं 12 मार्चला.

नव्याने लावणाऱ्यांचा धीर उगवणीतच सुटतो, म्हणून तिथूनच सांगतो. आपली लवंगी आठ-दहा दिवसांत डोकं वर काढते. हिला माझ्याकडे 23 दिवस लागले, आणि 12 बियांतली 5 रोपं हाती लागली. कोकोपीट ओलसर ठेवा, ट्रेला ऊब द्या आणि माती उकरून बघू नका. मे महिन्यात फुलं यायची नि गळायची. त्या उन्हात ती गळणारच, तेव्हा खताचा मारा करू नका. मी फक्त दुपारपुरती शेडनेट बांधली. जुलैत पानं मुरडली. पान वरच्या बाजूला वळलं तर फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळलं तर कोळी (माइट ही बारीक कीड), एवढं लक्षात ठेवा. माझ्याकडे फुलकिडे होते. दर आठवड्याला निंबोळी तेल फवारून चार रोपं वाचली, एक गेलं.

आता कालची गोष्ट. मिरची अंगठ्याहून जरा लांब, साल खडबडीत, सुरकुतलेली, टोक विंचवाच्या नांगीसारखं. हातमोजे घालून उभी चिरली. आत बिया थोड्याच, पण पांढऱ्या गाभ्यावर पिवळसर तेलाचे बारीक थेंब चमकत होते. तिखटपणा बियांत असतो असं आपण ऐकत आलो. तो खरं तर या गाभ्यात असतो, आणि जोलोकियासारख्या जहाल जातींत भिंतीच्या आतल्या अंगालाही. आणि वास! पिकलेल्या फळासारखा गोडसर, सगळ्या स्वयंपाकघरात पसरलेला. या वासासाठीच मी ही जात लावतो.

2007 साली गिनीजने हिला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं, दहा लाख स्कोव्हिलच्या (हे तिखटपणा मोजायचं एकक) वर. नंतर कॅरोलिना रीपर आली, 2023 मध्ये पेपर एक्स 26 लाख 93 हजारांवर गेली. आकड्यांची ही चढाओढ मला फारशी ओढत नाही. आसाम-नागालँडमध्ये हिचं लोणचं घालतात, बांबूच्या कोंबांबरोबर खातात. तिथे ती रोजच्या ताटातली आहे, पैजेची नाही.

तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा वरणभाताबरोबर घेतला. लवंगीचा ठेचा जिभेच्या शेंड्यावर लगेच चावतो. ही आधी गोडी देते. मग घशाच्या मागून हळूहळू चढत जाते आणि दहा मिनिटं उतरत नाही. कानशिलं तापली, डोळ्यांतून पाणी आलं. तोंडात भाजत काहीच नसतं. उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंनाच कॅप्सेसिन चेतवतं आणि मेंदू चटका बसला असं समजतो. पाणी पिऊन उपयोग नाही, दही खा. आग ओसरली की अंगात जो हलकेपणा येतो, तो शब्दांत सांगणं कठीण आहे. मी पुन्हा तेवढाच तुकडा घेतला.

झाडावर अजून 11 आहेत. दोन फुलांवर उमलायच्या आधीच मलमलीची पिशवी बांधली होती, शेजारच्या लवंगीचे पराग बसू नयेत म्हणून. ती दोन फळं बियाण्यासाठी ठेवणार. बाकीच्या लाल झाल्या की लसूण आणि मीठ घालून बरणीत आंबवायच्या आहेत. मिठाचं प्रमाण कुणी 3 टक्क्यांच्या खाली ठेवून बघितलं असेल तर अनुभव सांगा.