टॉड हॅमिल्टन आणि ट्रूनची सतरा वर्षे

२००४च्या जुलैमध्ये स्कॉटलंडमधील रॉयल ट्रून या गोल्फच्या मैदानावर टॉड हॅमिल्टनने ब्रिटिश ओपन ही मानाची स्पर्धा जिंकली, त्या रविवारी मी रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोर बसून होतो. दुसऱ्या दिवशी सगळीकडे 'अनपेक्षित विजेता' हाच शब्द वाचायला मिळाला आणि तो मला तेव्हाही खटकला होता, आजही खटकतो.

इलिनॉय राज्यातल्या ओक्वॉका या छोट्या गावात वाढलेला हा खेळाडू १९८७ साली व्यावसायिक झाला. अमेरिकेच्या पीजीए टूरचे, म्हणजे तिथल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिकेत खेळण्याचे, कार्ड मिळवायचे, तर त्या काळी क्वालिफाइंग स्कूल ही पात्रता स्पर्धा पार करावी लागे आणि त्याची अखेरची फेरीच सहा दिवसांची, म्हणजे १०८ होलची (होल म्हणजे मैदानावरचा एकेक टप्पा) असे. तिथे हॅमिल्टन पुन्हापुन्हा अपयशी ठरला. मग पोटापाण्यासाठी त्याने आशियाची वाट धरली. १९९२ साली एशियन सर्किटच्या क्रमवारीत तो पहिला आला आणि त्यानंतर २००३पर्यंत जपानच्या टूरवर त्याने अकरा स्पर्धा जिंकल्या, त्यांपैकी चार एकट्या २००३मध्ये.

गोल्फपटूला पगार नसतो. प्रवास, मुक्काम आणि कॅडी (क्लब वाहणारा मदतनीस) यांचा खर्च बहुतेकांना स्वतःच करावा लागतो आणि पहिल्या दोन फेऱ्यांनंतरचा कट, म्हणजे पुढे खेळत राहण्याची पात्रता, हुकला, की त्या आठवड्याची मिळकत सहसा शून्य असते. परक्या देशात, घरापासून दूर, हे गणित वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या माणसाचे कौशल्य आपण फार कमी लेखतो, असे माझे ठाम मत आहे.

२००३च्या अखेरीस, आठव्या प्रयत्नात, त्याला कार्ड मिळाले. २००४च्या मार्चमध्ये त्याने पीजीए टूरवरची होंडा क्लासिक ही स्पर्धा जिंकली, तीही शेवटच्या दोन्ही होलवर बर्डी (पारपेक्षा, म्हणजे होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, एक फटका कमी) करून, डेव्हिस लव्हला एका फटक्याने मागे टाकत. म्हणजे ट्रूनला आलेला अडतीस वर्षांचा हा 'नवखा' खेळाडू त्याच वर्षी एकदा जिंकून आला होता.

ट्रूनवर शेवटच्या होलवर त्याने बोगी केली (पारपेक्षा एक फटका जास्त घेतला), प्रतिस्पर्धी एर्नी एल्सचा विजयाचा पट (चेंडू होलमध्ये घालण्याचा हलका फटका) हुकला आणि दोघेही २७४ फटक्यांवर बरोबरीत राहिले. बरोबरी फोडण्यासाठीच्या चार होलच्या प्लेऑफमध्ये मैदानाच्या सतराव्या होलवर एल्सने एक फटका गमावला. अठराव्यावर हॅमिल्टनचा चेंडू ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, अलीकडेच थांबला, तेव्हा चेंडू उंच उडवण्याऐवजी त्याने लांब फटक्यांसाठीचा हायब्रिड क्लब हातात घेतला आणि पटर फिरवावा तसा फिरवून चेंडू जमिनीलगत होलपासून दोनएक फुटांवर नेऊन ठेवला. एवढ्या दडपणाखाली दिखाऊ नव्हे, तर भरवशाचा फटका निवडणे हे मला सतरा वर्षांच्या कमाईचे फळ वाटते. त्याने चारही होल पारमध्ये पूर्ण केले आणि १५ विरुद्ध १६ असा प्लेऑफ जिंकला. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणूनही त्याचीच निवड झाली.

त्यानंतर पीजीए टूरवर तो पुन्हा जिंकला नाही. २०२४मध्ये ओपन पुन्हा ट्रूनवर झाली आणि तोवर अठ्ठावन्न वर्षांच्या झालेल्या हॅमिल्टनचे नाव पहिल्या दिवशीच्या सर्वांत पहिल्या गटात होते. त्याच्यासोबत १९९७ साली इथेच जिंकलेला जस्टिन लिओनार्ड होता आणि पहाटे साडेसहाच्या सुमारास स्पर्धेची सुरुवात त्यांच्याच गटाने झाली.