पंपचालकाचा पगार

वेतन आढाव्याच्या कामात सगळ्यात आधी पदांचा तक्ता तयार होतो. एका रकान्यात स्थानिक स्वराज्य संस्थेतलं पद, दुसऱ्यात बाहेरचं तत्सम पद, तिसऱ्यात त्या बाहेरच्या पदाच्या पगाराचा मध्यक, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने मांडले की मधोमध येणारा पगार. सरासरी आम्ही टाळतो, कारण दोन-चार गलेलठ्ठ पगार तिला फुगवतात. त्या वेळी तक्त्यात जलशुद्धीकरण केंद्रातल्या पंपचालकाचा पगार मध्यकाच्या वर दिसत होता. तरीही याच पदावरची माणसं नोकरी सोडत होती आणि पुन्हा पुन्हा जाहिरात देऊनही जागा भरत नव्हत्या. मला हे पटेना, म्हणून केंद्रावर गेले.

पाळी नुकतीच बदलली होती. पंपचालकांनी काचेच्या नळीत पाणी घेतलं, गोळी विरघळवली. पाणी गुलाबी झालं. तो रंग त्यांनी पट्टीशी ताडून पाहिला आणि उरलेल्या क्लोरीनचा आकडा नोंदवहीत लिहिला. मग गढूळपणा मोजला आणि तुरटीची मात्रा जराशी वाढवली.

"किती वाढवायची ते कोण ठरवतं?"

"रात्री इथे दुसरं कोण असतं, मॅडम? मीच ठरवतो."

अर्ध्या तासाच्या संपर्कानंतर पाण्यात लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते सांभाळणाऱ्या माणसाची तुलना आम्ही नुसता पंप चालू-बंद करणाऱ्याशी केली होती. पदं जुळवताना निदान ७० टक्के काम सारखं असावं, असा आमच्याकडे प्रघात आहे. इथे तेवढं सारखं नव्हतंच. जुळत होता तो कारखान्यातला प्रक्रिया-चालक, आणि त्याचा मध्यक बराच वर होता.

दुसरी गोष्ट राजीनाम्यांच्या फायलीत सापडली. तुलनेला घेतलेल्या सगळ्या संस्था आजूबाजूच्या स्वराज्य संस्था होत्या, पण सोडून गेलेले बहुतेक जण कारखान्यांत गेले होते. माणसं जिथे जातात, तोच खरा बाजार. कमी देणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहून पगार ठरवले, तर सगळेच बरोबर ठरतात.

लेखाधिकारी म्हणाले, "निवृत्तिवेतन आणि नोकरीची शाश्वती धरा की." मुद्दा रास्त होता. धरून पाहिलं, तर दरी कमी झाली, पण मिटली नाही. शिवाय पंचविशीतला उमेदवार आधी हातात येणारा पगार बघतो, हेही मी त्यांना सांगितलं.

सरसकट वाढ मात्र मी सुचवली नाही. लिपिकांचे पगार बाहेरच्यापेक्षा बरे होते, तेही अहवालात तसंच लिहिलं. पंपचालकांसाठी पदाचं वर्गीकरण बदलून वरची वेतनश्रेणी मागितली, आणि जुन्यांना सेवेप्रमाणे वरचे टप्पेही. नाहीतर नवा माणूस दहा वर्षं काम केलेल्याच्या बरोबरीला येऊन बसतो, आणि मग तो जुना माणूसही राजीनामा लिहायला घेतो.