तक्त्यात नसलेला रकाना

व्यसनमुक्ती वॉर्डात रात्रपाळीला मी ओपिऑइड (अफू, हेरॉइनसारखे पदार्थ) सोडणाऱ्यांचा तक्ता भरते. नाडी, घाम, जांभया, डोळ्यांच्या बाहुल्या, अंगावरचा काटा... एकूण ११ रकाने. पाळीचा मात्र एकही नाही! ओपिऑइड मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला, म्हणजे पाळीची संप्रेरकं चालवणाऱ्या भागाला, दाबतं, पाळी कित्येकदा बंदच पडते. उपचारात ती परतते, दिवसही जाऊ शकतात. हे बाईला आधी सांगायला नको?

ओपिऑइड सुटलं की मेंदूच्या देठातलं लोकस सेरुलियस हे केंद्र शरीर चेतवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा मारा सुरू करतं, म्हणून ती तगमग. क्लोनिडिन हे औषध तो मारा आवरतं. पण हे शोधणारे प्रयोग वर्षानुवर्षं बहुतेक नर उंदरांवरच झाले. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने संशोधकांना मादीचाही विचार करा असं बजावलं ते २०१६मध्ये.

मी हल्ली समासात पाळीची तारीख टिपते. डॉक्टर आधी कुरकुरले, आता तेच विचारतात.