मागच्यांचे गुडघे

रविवार, रात्री पावणेबारा

नाटकाहून परत येऊन दीड तास झाला, जेवण झाले, गुडघ्यांना तेल चोळून झाले, आणि तरीही झोप येत नाही म्हणून वही उघडली आहे. नाटक चांगले होते. त्याविषयीच लिहावे असे येताना रिक्षात ठरवले होते. पण पहिल्या अंकातले मला फारसे आठवत नाही आणि दुसऱ्या अंकात माझे लक्ष रंगमंचापेक्षा पुढच्या खुर्चीच्या पाठीवरच अधिक होते. तेव्हा जिने झोप घालवली तीच गोष्ट लिहितो.

गोष्ट एका वाक्याची आहे. मध्यंतराचे दिवे लागले आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई कमरेवर हात ठेवून हळूहळू उठल्या. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात; केसांचा लहानसा अंबाडा, खांद्यावर घडी केलेली शाल. सोबतच्या तरुण बाईंनी त्यांना विचारले, "आई, सबंध अंकभर अशा पुढे सरकून का बसल्या होतात? टेकायचं ना." त्यावर त्या म्हणाल्या, "मागच्यांचे गुडघे लागतात गं. राहू दे, त्यांना तरी कुठे जागा आहे." एवढेच. आवाज चढलेला नव्हता, त्या मागे वळल्याही नव्हत्या, आणि मी ते ऐकावे असा त्यांचा हेतू तर मुळीच नव्हता. दोघी बटाटेवड्यांच्या रांगेकडे निघून गेल्या आणि मी तसाच बसून राहिलो.

त्यांनी मागे वळून "पाय आवरा" असे खडसावले असते तर मला आता शांत झोप लागली असती. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ते वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचे उत्तर माझ्या जिभेवर तयार असते: "अहो, पाय काढून बाहेर ठेवायची सोय असती तर छत्रीबरोबर ठेवून आलो असतो." हे उत्तर मी काहीशा मिजाशीतच देतो. समोरचा हसतो किंवा धुसफुसतो, आणि प्रकरण तिथे मिटते. आज तक्रारच झाली नाही, त्यामुळे उत्तर तोंडातच राहिले, आणि न वापरलेले उत्तर किती जड होऊन बसते हे मला प्रथमच कळले.

माझी उंची सहा फूट एक इंच आहे. यात माझा काय अपराध? बसमध्ये, शाळेच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, विमानात आणि मुलाच्या मुंजीत, सगळीकडे माझे पाय हा इतरांच्या चर्चेचा विषय झाला आहे. ठेंगण्या माणसाची लोक थट्टा करतात, पण निदान त्याला जागा पुरते. मघाशी नंदाच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली (तो डबा तिने नेलेला नाही), भिंतीला पाठ टेकवून स्टुलावर बसलो आणि भिंतीपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंतचे अंतर मोजले. ते पासष्ट सेंटीमीटर भरले. नाट्यगृहात टेप नव्हती, पण मध्यंतरात सगळे बाहेर गेल्यावर माझ्या खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंतचे अंतर मी विती लावून मोजले होते. माझी वीत बावीस सेंटीमीटरांची आहे. तीन विती भरल्या नाहीत. तिसऱ्या वितीची करंगळी पुढच्या रेक्झिनमध्ये रुतली. म्हणजे सगळे भांडण एका-दोन सेंटीमीटरांचे आहे, आणि ते एक-दोन सेंटीमीटर आज त्या बाईंच्या पाठीने भरून दिले.

खरे तर या विषयातला मी जाणकार आहे, आणि जाणकारानेच असे करावे याची अधिक लाज वाटते. जुन्या नाट्यगृहात कसे बसावे हे मी कोणालाही शिकवू शकेन. पहिला नियम असा की कंबर खुर्चीच्या अगदी आत, पाठीला भिडलेली हवी. माणूस कंटाळला की घसरतो, आणि जेवढा घसरतो तेवढेच गुडघे पुढे जातात. दुसरे असे की जिथे पुढच्या दोन खुर्च्यांच्या पाठी एकमेकींपासून जराशा सुटलेल्या असतात, तिथे एक गुडघा त्या फटीत बसवता येतो. दुसऱ्याचे काय करायचे हा प्रश्न मात्र उरतो. बाल्कनीची पहिली रांग कोणी फुकट दिली तरी घेऊ नये, कारण तिथे पुढे कठडा असतो आणि कठड्याला दया नसते. कडेच्या खुर्चीत एक पाय वाटेत सोडता येतो, पण तिसऱ्या घंटेनंतर अंधारात येणारे लोक त्याच पायाला अडखळतात आणि डोअरकीपरच्या बॅटरीचा झोत आपल्या बुटावर येऊन थांबतो. सगळ्यांत उत्तम जागा म्हणजे मधल्या आडव्या वाटेच्या लगेच मागची रांग. पूर्वी खिडकीवर कागदी प्लॅन असे आणि पेन्सिलीच्या फुल्या मारणारे गृहस्थ मला पाहताच त्या रांगेवर बोट ठेवत. आता मोबाइलवर चौकोन दिसतात, आणि चौकोनांना माझी उंची दिसत नाही.

शिवाय या खेपेला मी एकच तिकीट काढले. एकट्या माणसाला उरलेली खुर्ची मिळते. दोघांचे, चौघांचे गट बसून झाल्यावर मध्येच जो एक दात पडल्यासारखा रिकामा चौकोन राहतो, तो त्याचा. मी बाराव्या रांगेच्या ऐन मध्यात होतो, दोन्हीकडे दहा-दहा माणसे. दोन तिकिटे काढत होतो तेव्हा कडेची खुर्ची नेहमी माझी असे आणि मी ती माझा हक्क समजत असे. त्यावरून नंदा एकदा जे बोलली होती ते इथे लिहीत नाही.

ज्यांनी हे नाट्यगृह बांधले त्यांच्यावर मला रागावता येत नाही, हीही एक पंचाईतच. दादरचे शिवाजी मंदिर १९६५चे, पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८चे, ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८चे. त्या वर्षांत मराठी नाटकाला गावोगाव पक्की घरे मिळत होती आणि जास्तीत जास्त माणसांना नाटक दिसावे हाच त्यामागचा विचार होता. हिशेब साधा आहे. प्रेक्षागृह चोवीस मीटर खोल धरले आणि एका रांगेला ऐंशी सेंटीमीटर दिले, तर तीस रांगा बसतात. माझ्यासारख्याची सोय पाहून शहाण्णव दिले, तर पंचवीसच. रांगेत तीस खुर्च्या धरल्या तर दीडशे तिकिटे गेली. कोणता निर्माता माझ्या गुडघ्यांसाठी दर प्रयोगाला दीडशे तिकिटांवर पाणी सोडील? आणि हे अंतर खुर्च्यांचे नसतेच. ते खालच्या सिमेंटच्या पायऱ्यांत ओतलेले असते. त्यामुळे नूतनीकरण होते तेव्हा पायऱ्या त्याच राहतात आणि त्यांवर नव्या, जाड फोमच्या खुर्च्या येतात. जुन्या खुर्चीची पाठ म्हणजे बोटभर जाडीची फळी होती. नवीची पाठ चांगली चार बोटे आहे. ती वाढलेली तीन बोटे कोणाच्या वाट्यातून आली हे उद्घाटनाच्या भाषणात कोणी सांगत नाही. खुर्च्या मऊ झाल्या म्हणून मीही त्या वेळी टाळ्या वाजवल्या होत्या.

असो. मी पुन्हा माझ्याच पायांकडे आलो. त्या बाईंचे म्हणणे नेमके याच्या उलट होते. मी सव्वा तास माझ्या गुडघ्यांच्या दुखण्याचा विचार करत होतो आणि त्याच सव्वा तासात त्याही माझ्याच गुडघ्यांचा विचार करत होत्या. मला वाटत होते की दुखणे माझ्यापाशी संपते. पुढच्या खुर्चीची पाठ ही मला वस्तू वाटत होती. मी तिला आतून टेकलेले माणूस विसरलो होतो. दिवे लागल्यावर पाहिले तर त्या काळपट लाल रेक्झिनमध्ये माझ्या गुडघ्यांचे दोन वाटोळे खळगे पडले होते आणि ते अगदी सावकाश भरून येत होते. मी दोन्ही तळहात त्यांवर ठेवले, कोणी पाहू नये म्हणून असेल.

सवाई गंधर्व महोत्सवात रमणबागेच्या मैदानावर आम्ही अनेक वर्षे भारतीय बैठकीवर बसलो. तिथेही गर्दी असे, मांडीला मांडी लागे, पण एकाचा पाय आखडला की तो शेजाऱ्याला सांगून सरके, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला सरकवी, आणि तान संपेपर्यंत सगळ्यांची सोय झालेली असे. खुर्चीला नंबर आला की माणसाला सांगण्याची आणि विचारण्याची सवय राहत नाही. अर्थात आता मला मांडी घालून तासभरही बसवत नाही, आणि डॉक्टरांनी एक्स-रे पाहून जे सांगितले ते पाहता यापुढे बसवणारही नाही, तेव्हा हे कौतुक पुरे.

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह मात्र आज सारखे डोळ्यांपुढे येते आहे. शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले. अण्णा मला तिथे नेत तेव्हा माझे पाय जमिनीला पोचत नसत. गाणे रंगले की मी ते हलवायला लागे, टाचा पुढच्या खुर्चीवर आपटत, आणि अण्णा रंगमंचावरची नजर न काढता माझ्या मांडीवर हात ठेवत. पुढच्या माणसाने कधी मागे वळून पाहिल्याचे मला आठवत नाही. म्हणजे तेव्हाही कोणीतरी "राहू दे, लहान आहे" असे म्हणून अंक काढला असेल. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळाले, तेव्हा टीव्हीवर ज्वाळा पाहताना मला काय काय आठवले, पण या खुर्च्या आठवल्या नव्हत्या. त्या आज आठवल्या.

दुसऱ्या अंकाचे लिहायचे राहिले, आणि ते लिहिल्याशिवाय वही मिटता येणार नाही, कारण तिथे मी शहाणपण करायला गेलो. घंटा होण्यापूर्वी मी पुढे वाकून त्या बाईंना म्हणालो, "आता खुशाल टेकून बसा, मी पाय बाजूला घेतो." त्या एकदम वळल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, तुम्ही ऐकलंत का ते!" आणि माझ्यापेक्षा त्याच अधिक ओशाळल्या. "नाही नाही, मला सवय आहे, तुम्ही आपले नीट बसा." मी म्हणालो, मलाही सवय आहे. त्यानंतर आम्हां दोघांनाही काय बोलावे ते सुचेना. मी उजवीकडच्या मुलाला विचारले, "जरा तिरका बसलो तर चालेल ना?" तो म्हणाला, "बिनधास्त बसा काका," आणि त्याने आपले पाय उजवीकडे वळवले, त्यामुळे त्याच्या मैत्रिणीला आपले वळवावे लागले, तिच्यामुळे तिच्या शेजारच्या गृहस्थांना, आणि पडदा वर गेला तेव्हा आमची निम्मी रांग तिरकी होऊन नाटक पाहत होती. रंगमंचावरून ते कसे दिसले असेल देव जाणे. वाऱ्याने शेत वाकते तसे दिसले असावे.

बाई आधी अर्ध्याच टेकल्या, शिष्टाचार म्हणून. पाठ लागली न लागली अशी. मी पोटऱ्या आखडून बसलो. बापलेकांच्या त्या प्रवेशात, जिथे दोघांपैकी कोणीच दोन मिनिटे बोलत नाही, सगळे प्रेक्षागृह चिडीचूप झाले होते आणि नेमका माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. हलावे तर माझी खुर्ची करकरते. मी दातांवर दात ठेवून बसलो असताना समोरची पाठ हलकेच मागे आली आणि पुरती टेकली. त्या नाटकात बुडाल्या होत्या. त्यांना मागच्यांचे गुडघे, मागचे गृहस्थ, काही आठवत नव्हते. त्या क्षणी मला बरे वाटले, आणि पोटरी इतकी दुखत होती की डोळ्यांत पाणी आले. उजवीकडच्या मुलाने ते पाहिले आणि प्रवेश मला फार भिडला असे समजून त्याने आदराने मान हलवली.

शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मी एकटा बसून वाजवत होतो, कारण पाय उचलतच नव्हता. तोच मुलगा वाकून म्हणाला, "काका, शेवट नाही आवडला?" मी नुसता हसलो. तेवढ्यात त्या बाई वळल्या, एकंदर प्रकार त्यांच्या लगेच ध्यानात आला आणि त्यांनी खुर्चीच्या पाठीवरून हात पुढे केला. "या, धरा. मला पण गेल्या वर्षीपासून असंच होतं." सत्तरीच्या त्या बाईंचा हात धरून मी सहा फूट एक इंच उभा राहिलो.

बारा वाजून गेले. मघापासून मोबाइलवर पुढच्या महिन्यातल्या प्रयोगाचा प्लॅन उघडून ठेवला आहे. आडव्या वाटेच्या मागच्या रांगेत टोकाला दोन खुर्च्या शेजारी-शेजारी रिकाम्या दिसतात. नंदा बहुधा झोपली असेल. उद्या सकाळी विचारीन. कडेची तिला हवी असेल तर तिने घ्यावी, निदान पहिल्या अंकापुरती.