तुम्ही विचारलंत म्हणून: हळदीची गोळी का निघत नाही?

"तुम्ही औषधांवर संशोधन करता ना? मग आपल्या हळदीवर का नाही काही करत?" लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर, शाळेच्या ग्रुपवर, औषध-रसायनशास्त्रात काम करतो म्हटलं की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ विचारणाराच उत्तरही देऊन टाकतो: "कंपन्यांना स्वस्त औषध नकोच असतं!"

कंपन्यांच्या वतीने भांडायची मला हौस नाही. पण हळदीवर काम झालेलं नाही, हे खरं नव्हे. हळदीतला पिवळा पदार्थ, कर्क्युमिन, १८१५ मध्येच वेगळा काढला गेला. त्याची रचना १९१० मध्ये उलगडली आणि काही वर्षांत तो प्रयोगशाळेत तयारही झाला. त्यानंतर त्यावर हजारो शोधनिबंध निघाले. वनस्पतीतल्या फार थोड्या संयुगांची इतकी चौकशी झाली असेल.

अडचण पहिल्याच पायरीला, म्हणजे कोणतं संयुग रोगावर चालेल हे चाळून बघतानाच, सुरू होते. एका प्लेटमध्ये ३८४ बारीक खळगे असतात. प्रत्येकात रोगाशी संबंधित प्रथिन आणि एकेक संयुग. संयुगाने प्रथिनाचं काम रोखलं की चमक कमी-जास्त होते आणि यंत्र ती मोजतं. कर्क्युमिन मुळात गडद पिवळं, त्यात निळ्या प्रकाशात ते स्वतःच हिरवट चमकतं, म्हणजे यंत्र काय मोजतंय हाच प्रश्न. शिवाय ते लोह आणि तांब्याला धरून बसतं, प्रथिनांमधल्या गंधकाशी सरळ बंध जोडतं, पाण्यात नीट विरघळत नाही आणि त्याचे सूक्ष्म पुंजके होऊन प्रथिनं त्यांना चिकटतात. परिणामी कर्करोगाचं प्रथिन ठेवा, एचआयव्हीचं ठेवा, अल्झायमरशी संबंधित ठेवा, उत्तर 'हो'. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, केवढं गुणी! प्रत्येक खटल्यात साक्षीला हजर होणाऱ्या माणसाकडे न्यायाधीश ज्या नजरेने बघेल, तसे आम्ही त्याच्याकडे बघतो. जोनाथन बेल आणि जॉर्जिना हॉलोवे या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये चाचण्यांना चकवणाऱ्या अशा रचनांची यादीच केली. अशा संयुगांना 'पेन्स' (PAINS) म्हणतात. कर्क्युमिन या मंडळींचा ठळक नमुना मानला जातो. मला विचाराल तर ही यादी आली नसती, तर अजून कितीतरी पीएच.डी. याच पिवळ्या चमकेमागे धावल्या असत्या.

बरं, समजा ते खरंच काम करतं. मग ते टिकायला हवं. याचा पुरावा तुमच्या घरातच आहे. वरणाच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. साबण अल्कधर्मी, त्यात कर्क्युमिन आपले हायड्रोजन सोडतं आणि रंग बदलतं. हळदीत चुना मिसळून कुंकू करायचे, तेही याच गुणावर. तोच शर्ट उन्हात वाळत घाला, डाग फिका होत जातो, कारण प्रकाशात रेणू तुटतो. आपल्या रक्ताचा सामू (पीएच) ७.४, किंचित अल्कधर्मी. तेवढ्या सामूच्या साध्या द्रावणात कर्क्युमिनचा बहुतांश भाग अर्ध्या तासात मोडून जातो. रक्तात प्रथिनांच्या आधाराने ते थोडं जास्त तगतं, पण आधी रक्तात पोचलं तर! निरोगी माणसांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत देऊन पाहिलंय. बहुतेकांच्या रक्तात ते सापडलंच नाही. आतडं फारसं शोषत नाही आणि जे शोषलं जातं त्याला यकृत साखरेचा रेणू जोडून बाहेरची वाट दाखवतं. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. म्हणजे १२ ग्रॅमसाठी ४०० ग्रॅम हळद खावी लागेल. दुधातल्या अर्ध्या चमच्याचा हिशोब तुम्हीच करा.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये या सगळ्याचा आढावा घेतला. माणसांवरच्या १२० हून जास्त चाचण्या होऊनही, कोणाला खरं औषध मिळतंय हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही कळू न देता केलेली, निर्विवाद यशस्वी ठरलेली एकही त्यांना सापडली नाही. त्यावर भारतातूनही आक्षेप आले आणि सगळेच काही पोकळ नव्हते: आतड्यात शोषलं न जाताही एखादं संयुग तिथे काम करू शकतं. गुडघेदुखीच्या काही लहान चाचण्यांत आराम दिसलाय. आणि हळद म्हणजे नुसतं कर्क्युमिन नव्हे, हेही मान्य.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, "पण माशेलकरांनी हळदीचं पेटंट परत आणलं ना?" आणलं नाही, रद्द करवलं. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं होतं. माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने दाखले पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ते काम मोठंच होतं. पण तिथे प्रश्न 'हे नवीन आहे का?' एवढाच होता. 'हे कितपत लागू पडतं?' हे त्या खटल्यात कोणी विचारलंच नव्हतं.

वनस्पतींशी आमचं वैर नाही. चीनमध्ये तू योयो यांनी एका दवण्याच्या जातभाईतून आर्टेमिसिनिन काढलं, त्यावर मलेरियाची औषधं उभी राहिली आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तो रेणूही नीट विरघळत नव्हता. रसायनतज्ज्ञांनी तो थोडा बदलून आर्टेसुनेट केलं. कर्क्युमिनचाही मधला नाजूक भाग काढून टिकाऊ भावंडं केली गेलीत, पण औषध म्हणून मान्यता अजून कोणालाच नाही.

मग शेवटचा प्रश्न: "दुकानातल्या कॅप्सूल घेऊ का?" भाजी-आमटीतली हळद खुशाल खा. कॅप्सूलची गोष्ट निराळी. त्यांत बऱ्याचदा मिऱ्यातलं पायपरिन घालतात. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की २० मिलिग्रॅम पायपरिनने शोषण वीसपट वाढतं. ते वाढतं, कारण परकी रसायनं बाहेर काढण्याचं यकृत-आतड्याचं काम पायपरिन मंदावतं. ते फक्त हळदीपुरतं मंदावत नाही. फिट्सवरच्या फेनिटॉइनची आणि रक्तदाबावरच्या प्रोप्रॅनोलॉलची रक्तातली पातळीही त्याने वाढते. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये कावीळ-यकृतदाहाचे रुग्ण आढळले होते. तेव्हा रोजची औषधं चालू असतील, तर ती बाटली डॉक्टरांना दाखवा आणि मागचं बारीक अक्षरातलं लेबल वाचून घ्या.